चारमिनारचा अरुंद जिना: एकाचे गुडघे दुखतात, एकाला कोंडलेल्या जागेची धास्ती आहे, चौघांनी चढावे का?

पैनगंगाकाठ (प्रश्न)

सर्व सभासदांना नमस्कार.

आम्ही चौघे वर्गमित्र केळापूर तालुक्यातील एका खेड्यात राहतो. गाव राष्ट्रीय महामार्ग ४४ पासून जवळ असून पैनगंगेचा पूल ओलांडला की आदिलाबाद जिल्हा लागतो. कापसाच्या, दवाखान्याच्या आणि सोयरिकीच्या निमित्ताने आदिलाबादला आमचे आयुष्यभर जाणे-येणे राहिले, परंतु तोच रस्ता पुढे हैदराबादला जातो हे ठाऊक असूनही केवळ पाहण्यासाठी म्हणून आम्ही एकत्र कधी गेलो नाही. आता चौघेही साठीच्या आसपास आहोत. सोयाबीन निघाले, कापसाचा पहिला वेचा घरात आला की तीन दिवसांसाठी जायचे असे ठरले आहे.

या सहलीचे मूळ कारण आमच्यातील एक मित्र आहे. त्याच्या घरात ओसरीच्या भिंतीवर चारमिनारचे चित्र असलेली एक जुनी दिनदर्शिका आहे. वर्ष केव्हाच उलटून गेले, तारखांचे पान फाटले, तरी चित्र त्याने खिळ्यावरून काढले नाही. चारमिनारवर चढून खालची चार रस्त्यांची चौफुली पाहायची, एवढीच त्याची मागणी आहे.

अडचण अशी की बाविसाव्या वर्षी तो विहिरीचा गाळ काढायला उतरला होता आणि वरून कपार ढासळली. कमरेपर्यंत मातीत अडकलेल्या अवस्थेत तो बराच वेळ तसाच उभा होता. शेवटी कमरेला चऱ्हाट बांधून आम्हीच त्याला वर ओढले. तेव्हापासून तो कोंडलेल्या जागेत जात नाही. जिल्ह्याच्या दवाखान्यात लिफ्ट असूनही तो चार मजले पायऱ्यांनी चढतो. दुसऱ्या मित्राचे दोन्ही गुडघे झिजले आहेत आणि शक्य तेथे पायऱ्या टाळा असे त्याला डॉक्टरांनी सांगितले आहे. मी आणि चौथा मित्र तसे धडधाकट आहोत.

मला नेमके हे विचारायचे आहे. आतला जिना किती अरुंद आहे? उजेड असतो का? मध्येच कोणाला परत फिरावेसे वाटले तर फिरता येते का? चौघांनी कोणत्या क्रमाने चढावे? आणि ज्याला अशी धास्ती आहे त्याला आग्रह करून वर नेणे योग्य होईल की खालीच बसवून ठेवणे? तो स्वतः म्हणतो की मी चढणारच. त्याच्या उत्साहाला नाही म्हणवत नाही, पण अर्ध्या जिन्यात त्याचा श्वास कोंडला तर मी काय करायचे, या विचाराने मला झोप लागत नाही.

गुरुजी_चंद्रपूर

पैनगंगाकाठ भाऊ, तुमचा प्रश्न वाचून बरे वाटले, कारण बहुतेक लोक तिकिटाचा दर विचारतात आणि जिन्याचा विचार जिन्यात शिरल्यावर करतात. मी सेवेत असताना आणि निवृत्तीनंतर मित्रांबरोबर असा दोनदा चारमिनारवर चढलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मुहम्मद कुली कुतुबशहाने १५९१ मध्ये हैदराबाद वसवले आणि त्या नव्या शहराचा मध्य म्हणून चारमिनार उभा केला. हिजरी सनाचे १००० वे वर्ष त्याच सुमारास सुरू झाले होते. इमारत चौरस आहे. प्रत्येक बाजू सुमारे २० मीटर, चार दिशांना चार मोठ्या कमानी आणि चार कोपऱ्यांवर सुमारे ५६ मीटर उंचीचे मिनार. जिना या मिनारांच्या पोटातून गोल फिरत वर जातो. वरच्या मजल्यापर्यंत १४९ पायऱ्या आहेत असे सांगतात, परंतु प्रवाशांना कमानींच्या वरच्या पहिल्या मजल्यापर्यंतच सोडतात. त्याच्या वरचा भाग, जेथे पश्चिमेच्या बाजूस मशीद आहे, तो आणि मिनारांचे शेंडे बंद असतात. म्हणजे तुम्हाला त्या सगळ्या पायऱ्या चढायच्या नाहीत. हे गुडघेवाल्या मित्राला आधी सांगा, त्याचा अर्धा भार तेथेच हलका होईल.

आता जिन्याविषयी. गोल जिन्याची पायरी त्रिकोणी फोडीसारखी असते. मधल्या खांबाकडे ती इतकी निमुळती होते की पाऊल मावत नाही आणि बाहेरच्या भिंतीकडे रुंद होते. म्हणून चढताना आणि उतरतानाही बाहेरच्या भिंतीला हात लावून, पाऊल पूर्ण टेकेल अशा रुंद बाजूनेच चालावे. पायऱ्यांची उंची आपल्या घरच्या पायरीपेक्षा बरीच जास्त आहे, कारण एवढ्याशा गोलाईत उंची गाठायची तर कारागिराला पायरी उंच करण्यावाचून गत्यंतर नसते. शेकडो वर्षांच्या वर्दळीने दगड मध्यभागी खोलगट झाला आहे आणि गुळगुळीतही. चपलेपेक्षा मागे पट्टा असलेली वहाण किंवा बूट बरा.

गुडघ्यांसाठी एक नियम लक्षात ठेवा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. दोन्ही दुखत असतील तर त्यातल्या त्यात कमी दुखणारा तो चांगला. एका पायरीवर दोन्ही पाय आले की मगच पुढची पायरी. उतरताना गुडघ्यावर चढण्यापेक्षा अधिक ताण येतो, त्यामुळे चढून गेला म्हणजे झाले असे समजू नका.

क्रमाविषयी माझे मत असे की धास्ती असलेल्या मित्राला दुसऱ्या क्रमांकावर ठेवावे. पुढे तुम्ही असा, म्हणजे त्याला ओळखीची पाठ दिसेल. मागे चौथा मित्र असू द्या आणि गुडघेवाला सर्वांत शेवटी, म्हणजे त्याच्या संथपणाचा कोणाला जाच होणार नाही.

थोडे अवांतर होते, पण आपल्या भागातील माणसाने वर गेल्यावर हे मनात ठेवावे असे मला वाटते. आपले वऱ्हाड बराच काळ हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होते. १८५३ च्या तहाने त्याचा कारभार इंग्रजांकडे गेला, १९०२ मध्ये तो कायमच्या भाडेपट्ट्याने गेला आणि तरीही १९३६ मध्ये निजामाच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’, म्हणजे वऱ्हाडचा राजपुत्र, असा किताब देण्यात आला. तुम्ही परक्या शहराचा मनोरा चढत नाही आहात, एवढेच मला म्हणायचे आहे.

वणीकर

भाऊ, मी मूळचा वणीचा, गेली नऊ वर्षे कामानिमित्त हैदराबादला आहे. गावाकडचे पाहुणे आले की चारमिनारला नेणे माझ्याकडेच असते, त्यामुळे व्यवहाराचे तेवढे सांगतो.

रविवार, सणाचे दिवस आणि रमजानचा महिना टाळा. शुक्रवारी दुपारी शेजारच्या मक्का मशिदीत नमाजासाठी मोठी गर्दी असते, म्हणून तोही वेळ नको. मंगळवार किंवा बुधवार पाहा आणि उघडताच पहिल्या अर्ध्या तासात आत जा. तेव्हा जिन्यात वरून उतरणारे जवळजवळ नसतात. अकरानंतर रांग वाढते आणि मागून येणाऱ्या माणसाचा रेटा जाणवू लागतो. मी मागच्या वेळी गेलो तेव्हा तिकीट माणशी २५ रुपये होते. सायंकाळी साडेपाचला बंद होते, पण शेवटच्या तासात मुळीच जाऊ नका, कारण सगळ्यांना एकदमच उतरायचे असते.

आपली गाडी चारमिनारपर्यंत नेण्याचा प्रयत्न करू नका. मुक्कामाच्या ठिकाणी गाडी ठेवून रिक्षाने या आणि शेवटचा टप्पा चालत जा. उत्तरेकडून आलात तर चार कमानींच्या मधून आत याल, मध्ये गुलजार हौज लागेल आणि समोर चारमिनार उभा दिसेल. तुमच्या मित्राच्या भिंतीवरचे चित्र बहुधा याच बाजूचे असावे.

सावध_शेतकरी

माझे मत स्पष्ट आहे आणि ते कटू वाटले तरी लिहितो. नेऊ नका. ४ डिसेंबर १९८१ रोजी दिल्लीच्या कुतुबमिनारच्या जिन्यात वीज गेली, अंधारात घबराट झाली आणि चेंगराचेंगरीत ४५ जण गेले. त्यात बहुतांश शाळकरी मुले होती. तेव्हापासून तो मिनार आतून बंद आहे. अशा जिन्यात एक माणूस घाबरला तर तो एकटाच घाबरत नाही, वरचे आणि खालचे सगळे अडकतात. मित्राच्या हौसेसाठी इतरांचा जीव धोक्यात घालू नये. खालून कमानी पाहाव्यात, लाड बाजारात घरच्यांसाठी लाखेच्या बांगड्या घ्याव्यात आणि परत यावे.

दर्यापूरची_लेक

सावध_शेतकरी दादा, तुमची काळजी खोटी नाही, पण त्या दुर्घटनेत अंधार आणि गर्दी हे दोन्ही एकत्र आले होते. कुतुबमिनारला ३७९ पायऱ्या आहेत आणि त्या दिवशी आत शेकडो लोक होते. चारमिनारचा पहिला मजला आणि गर्दी नसलेली सकाळ यांची तुलना त्याच्याशी होणार नाही. मात्र त्यातून घेण्यासारखे आहे ते घ्यावे: प्रत्येकाजवळ बॅटरी असावी आणि जिन्यात गर्दी दिसली तर त्या दिवशीचा बेत सोडून द्यावा.

मला हे लिहावेसे वाटले याचे कारण असे की मी स्वतः अशाच धास्तीतून गेले आहे. आम्ही सहा मैत्रिणी विजापूरला गोल घुमट पाहायला गेलो होतो. महंमद आदिलशहाची ती कबर १६५६ मध्ये पूर्ण झाली. तिच्या चार कोपऱ्यांवर सात मजली अष्टकोनी मनोरे आहेत आणि त्यांच्यातील जिन्याने घुमटाच्या आतील सज्जापर्यंत जाता येते. चौथ्या मजल्यापर्यंत मी हसत गेले. पुढच्या वळणावर वरून एक शाळेची सहल उतरू लागली, मागून दुसरा गट आला, आणि माझ्या पुढे-मागे दोन्हीकडे माणसेच माणसे झाली. हातापायांना मुंग्या आल्या, कानात घूं असा आवाज भरला आणि भिंत आपल्याकडे सरकते आहे असे वाटू लागले. जागेवर बसून घ्यावे एवढेच सुचत होते, आणि तेथे बसणे हेच सर्वांत धोक्याचे होते.

त्या वेळी मैत्रिणींनी केलेल्या दोन गोष्टी मला आठवतात. एकीने मोठ्याने सांगितले, “थांबा, हिला त्रास होतो आहे,” आणि वरच्या मुलांना जागच्या जागी थांबवले. दुसरीने माझा हात धरून भिंतीवर टेकवला आणि दगड किती थंड आहे ते सांग म्हणाली. मी सांगितले. मग तिने विचारले, खरखरीत आहे की गुळगुळीत? मी तेही सांगितले. तीन-चार प्रश्नांनंतर माझा श्वास जागेवर आला. “काही होत नाही, चल चल,” असे मात्र एक जण सारखी म्हणत होती आणि त्या शब्दांनी माझी भीती वाढत होती. चांगल्या मनाने बोलत होती, पण ज्याला होते आहे त्याला काही होत नाही म्हटले की तो अगदी एकटा पडतो.

म्हणून माझे सांगणे असे की आग्रहही करू नका आणि मनाईही करू नका. निघण्यापूर्वी त्यांच्याशी एक खूण ठरवा. त्यांनी खांद्यावर दोनदा थाप मारली की कोणतेही कारण न विचारता सगळ्यांनी थांबायचे. क्रमाच्या बाबतीत गुरुजींशी मी सहमत नाही. तुमच्या मित्राला शेवटी ठेवा, म्हणजे पाठीमागची वाट मोकळी राहील आणि वाटेल तेव्हा उतरता येईल. मला त्या दिवशी वाट मोकळी असती तर मी घाबरलेच नसते.

आणि एक पर्याय हाताशी ठेवा. चारमिनारहून गोवळकोंडा किल्ला दहा-बारा किलोमीटरवर आहे. तेथील बाला हिसारला, म्हणजे किल्ल्याच्या माथ्याला, जाणाऱ्या पायऱ्या साडेतीनशेच्या वर आहेत, गुडघेवाल्या दादांना त्या झेपणार नाहीत, पण बहुतेक वाट उघड्या आभाळाखाली आहे. चारमिनार नाही जमला तर तुमच्या मित्राला तेथे उंचावर नक्की जाता येईल.

गुरुजी_चंद्रपूर

ताई, तुमचा अनुभव वाचून मी माझे क्रमाविषयीचे मत मागे घेतो. ओळखीची पाठ दिसण्यापेक्षा मोकळी वाट असणे महत्त्वाचे, हे मला सुचले नव्हते.

पैनगंगाकाठ

आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिले, त्यामुळे परत आल्यावर काय घडले ते सांगणे माझे कर्तव्य आहे. उशीर झाला, कारण आल्या आल्या दुसऱ्या वेच्याला मजूर मिळाले.

आम्ही डिसेंबरमध्ये बुधवारी सकाळी दार उघडताच आत गेलो. वणीकर भाऊंनी सांगितल्याप्रमाणे उत्तरेकडून चालत आलो आणि गुलजार हौजापाशी माझा मित्र थांबला. चित्रात घड्याळ आहे, येथेही घड्याळ आहे, असे तो म्हणाला. चारही बाजूंना घड्याळे आहेत आणि ती १८८९ मध्ये बसवली, असे तेथे समजले. जवळ गेल्यावर चुन्यातली नक्षी दिसली. फुलांच्या पाकळ्यांच्या कडा झिजून बोथट झाल्या आहेत. २०१९ मध्ये एका मिनाराच्या नक्षीचा तुकडा निखळून पडला होता. आतल्या भिंतींवर लोकांनी खिळ्याने नावे कोरलेली पाहून फार वाईट वाटले. चुना एकदा खरवडला की तो पुन्हा तसा होत नाही, हे घर सारवणाऱ्या माणसाला सांगावे लागत नाही.

जिन्याच्या तोंडाशी ताईंच्या सल्ल्याप्रमाणे मी त्याला शेवटी राहा म्हटले, तर त्याने ऐकले नाही. तो म्हणाला, “विहिरीतून माणूस वर आला का सुटते. इथं बी वरच जायचं हाय, मंग भेव कायचं?” आणि तो सर्वांत पुढे शिरला. आम्ही मागून गेलो. त्याने एकदाही खांद्याला हात लावला नाही. वळणावळणाने उजेड कमी-जास्त होत होता, पाऊल भिंतीच्या बाजूला ठेवले की पायरी पुरत होती, आणि आम्ही धापा टाकत वर पोहोचलो तेव्हा तो कमानीतून बाहेर पाहत उभा होता. पश्चिमेला लाड बाजार, नैऋत्येला मक्का मशिदीचे विस्तीर्ण अंगण, उत्तरेला आम्ही आलो तो रस्ता आणि त्यावरच्या कमानी. चारही रस्ते या एका इमारतीपासून सरळ निघतात हे खालून चालताना कळत नाही, गर्दीत आणि दुकानांच्या फलकांत ते हरवून जाते; वरून मात्र शेतात तिफणीने काढलेल्या तासासारखे ते सरळ दिसतात. तो अर्धा तास एका बाजूहून दुसऱ्या बाजूला फिरत होता आणि आम्हाला हाक मारून दाखवत होता.

अडचण उतरताना आली, आणि हे मी मुद्दाम लिहितो, कारण आपल्यापैकी कोणाच्याही लिहिण्यात हा मुद्दा नव्हता. वर जाणे त्याच्यासाठी सुटका होती. खाली जाणे म्हणजे पुन्हा विहिरीत उतरणे होते. जिन्याच्या तोंडाशी त्याने खाली पाहिले, पायऱ्या अंधारात वळून नाहीशा होत होत्या, आणि तो मागे सरला. चेहऱ्यावर घाम आला. त्याने माझ्या खांद्यावर दोनदा थाप मारली. आम्ही थांबलो. मागून येणाऱ्या एका कुटुंबाला आधी जाऊ दिले. तेथील पहारेकऱ्याला हिंदीत अडचण सांगितली, तेव्हा त्याने कसलीही घाई न करता खालून येणाऱ्यांना थोडा वेळ थांबवून धरले. त्या माणसाचे उपकार आम्ही विसरणार नाही.

मग गुडघेवाला मित्र पुढे झाला. तो म्हणाला, मला तर एका पायरीला दोन पाय टेकावे लागतात, तू माझ्या खांद्यावर हात ठेव आणि मी टाकीन तेव्हाच पाऊल टाक. गुरुजींच्या नियमाप्रमाणे तो दुखरा पाय आधी टाकत, दुसरा त्याला आणून जोडत, प्रत्येक पायरीचा आकडा मोठ्याने म्हणत उतरू लागला. मागचा मित्र तोच आकडा पुन्हा म्हणत होता. मी त्याच्या मागे बॅटरी धरून होतो आणि प्रकाश त्याच्या पावलांवर न टाकता पुढच्याच्या पाठीवर टाकत होतो, कारण पायऱ्या खाली कोठवर जातात ते त्याला दिसू नये असे मला वाटले. भिंतीला लावलेला त्याचा तळवा एका जागी उमटला होता, इतका हात घामेजला होता. मधल्या एका झरोक्यापाशी दोघे थांबले, बाहेरच्या हवेत दोन-चार श्वास घेतले आणि पुन्हा आकडे सुरू झाले. ज्याचा संथपणा आम्हाला अडचण वाटत होता, त्याच चालीने दुसरा खाली आला. धडधाकट माणूस पुढे असता तर इतक्या हळू उतरलाच नसता.

गोवळकोंड्याला दुसऱ्या दिवशी गेलो. गुडघेवाला खाली दरवाजाजवळच्या घुमटाखाली बसून टाळ्या वाजवत राहिला आणि आम्ही तिघे बाला हिसारला गेलो. तेथे टाळीचा आवाज वर पोहोचतो हे खरे आहे, आम्ही तो ऐकला. उतरताना वाट उघडी असल्यामुळे काहीच त्रास झाला नाही.

पुढे कोणी अशा सोबत्याला घेऊन जाणार असेल त्यांच्यासाठी लिहितो: चढण्याचा क्रम ज्याचा त्याला ठरवू द्यावा, पण उतरण्याचा क्रम वर असतानाच, जिन्याच्या तोंडाशी जाण्यापूर्वी ठरवावा, आणि सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवावे. पाणी रांगेत असतानाच प्यावे. बॅटरी भ्रमणध्वनीची नको, वेगळी न्यावी, कारण घामेजल्या हातातून भ्रमणध्वनी निसटतो. आमचा एक तेथेच पायऱ्यांवरून खाली घरंगळला.

दर्यापूरची_लेक

दादा, उतरण्याची भीती वेगळी असू शकते हे माझ्या मनातही आले नव्हते. पुढच्या महिन्यात आम्ही मैत्रिणी दौलताबादला जात आहोत. तेथील चाँद मिनार आतून बंदच असतो, पण किल्ल्याच्या अंधाऱ्या भुयारी वाटेतून जावे लागते. आमच्या गटातील एका काकूंनाही हळू चालावे लागते. त्यांना मी पुढे ठेवणार आहे.